‘झाले असते’ची गणिते

वराळे हे मावळातले गाव तळेगाव दाभाड्याच्या शेजारचे. भातशेतीच्या या टापूत आता कारखाने आले, महाविद्यालये आली, आणि त्यांच्या मागोमाग वसतिगृहेही उभी राहिली. तेथील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने परवा आपल्या संगणकावरील एक आलेख प्रस्तुत लेखकास मोठ्या उत्साहाने दाखविला. शेअरबाजाराच्या व्यवहारांसाठी बनविलेल्या एका सॉफ्टवेअरला त्याने एकच साधा नियम घालून दिला होता : पहिल्या दिवशी समभाग घ्यावयाचे आणि शेवटच्या दिवसापर्यंत विकावयाचे नाहीत. यंत्राने काही दशकांचे भाव क्षणार्धात चाळले आणि एका लाखाचे किती लाख झाले असते ते सांगितले. विद्यार्थ्याचे वडील शिक्षक, निवृत्तीला आलेले. त्यांना मिळावयाची रक्कम या ‘झाले असते’च्या भरवशावर गुंतवावी काय, असा त्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न एका घराचा नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना सर्वसाधारणपणे जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना लागू झाली. त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये झालेला संप वाचकांच्या स्मरणात असेल. या अंशदानाचा काही हिस्सा समभागांत गुंतविला जातो. म्हणजे ज्याने जन्मात कधी दलालाच्या पेढीची पायरी चढली नाही, असा कारकूनही ‘घ्या आणि ठेवा’ या नियमाचा नकळत भागीदार झाला आहे. तेव्हा हा नियम पारखण्याची रीत तरी त्याला ठाऊक असावयास हवी.

या रीतीला बाजारात ‘बॅकटेस्टिंग’ म्हणतात. आपण तिला गतकाळाची चाचणी म्हणू. नियम आज ठरवावयाचा आणि तो कालच्या भावांवर चालवून पाहावयाचा, एवढाच तिचा अर्थ. ही चाचणी खोटी नाही. मात्र तिचे उत्तर आपण प्रश्न कसा विचारतो यावर किती अवलंबून असते, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, घ्या. १९७८-७९ हे त्याचे पायाभूत वर्ष. तेव्हाची पातळी १०० मानलेली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५ हजारांच्या वर गेला. चक्रवाढीने ही वाढ दरसाल सुमारे १६ टक्के पडते. पण हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले त्या एप्रिल १९९२ मध्ये, निर्देशांक ४,४६७ वर असताना ज्याने पैसे गुंतविले, त्याच्या पदरी त्याच सप्टेंबर २०२४ पर्यंत साडेनऊ टक्क्यांच्या आसपासच वाढ येते. आणि एप्रिल २००३ मध्ये, तो सुमारे ३,००० वर रेंगाळत असताना, ज्याने सुरुवात केली, त्याला जवळजवळ १७ टक्के. नियम तोच, शेवटचा दिवसही तोच. केवळ आरंभाची तारीख बदलली. शिवाय शेवटची तारीख आम्ही तेजीच्या शिखरावरची निवडली, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. उलट बाजूने, या आकड्यांत लाभांश धरलेला नाही, हे सांगणे न्यायाचे होईल.

आणखी एक गंमत आहे. सेन्सेक्स प्रसिद्ध होऊ लागला तो १९८६ मध्ये. त्याआधीच्या सात-आठ वर्षांचे आकडे मागाहून मोजलेले आहेत. त्या काळी हा निर्देशांक अस्तित्वातच नव्हता, मग तो कोणी कसा विकत घेणार? म्हणजे जिच्यावर आपण चाचणी घेतो, त्या सामग्रीचा प्रारंभीचा भाग हीच मुळी एक गतकाळाची चाचणी होय.

दुसरा सापळा निवडीचा. खानदेशातील अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. तीच पुढे संगणक व्यवसायात शिरून विप्रो म्हणून जगभर गाजली. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी तिचे भाग पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि वेळोवेळी मिळालेले बक्षीस भागही विकले नाहीत, त्यांच्या संपन्नतेच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पण तूप विकणारी कंपनी पुढे संगणकाकडे वळेल, हे भाग घेताना कोणाला ठाऊक होते? आज विप्रोचे नाव घालून चाचणी घेणे म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून प्रश्नपत्रिका काढण्यासारखे आहे. सेन्सेक्सच्या पहिल्या तीस कंपन्यांत चंद्रपूर जिल्ह्यातील गावाचे नाव मिरविणारी बल्लारपूर इंडस्ट्रीज होती; पद्मिनी मोटार बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्सही होती. त्या काळी या भक्कम कंपन्या गणल्या जात. पुढे पद्मिनी इतिहासजमा झाली आणि बल्लारपूर इंडस्ट्रीज २०२० साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यांचे भाग घेऊन निष्ठेने ठेवणाऱ्यांनी नियम मोडला नव्हता. मात्र आजच्या यादीवर चाचणी घेणाऱ्याला ही माणसे दिसतच नाहीत, कारण निर्देशांक पडलेल्यांना वगळून पुढे जातो.

तिसरी गोष्ट यंत्राला कळणे शक्य नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना टेकलेला निर्देशांक मार्च २००९ मध्ये सव्वाआठ हजारांच्या खाली आला. आलेखावर ही घसरण बोटभर दिसते. पण ती चौदा महिन्यांची होती, आणि त्या प्रत्येक महिन्यात घरखर्च होता, कोणाच्या मुलीचे लग्न होते, कोणाच्या पित्याची शस्त्रक्रिया होती. लाखाचे चाळीस हजार झालेले पाहूनही जो स्वस्थ बसू शकला, त्यालाच आलेखाचा उजवा टोकदार भाग लाभला. सॉफ्टवेअर कधीच घाबरत नाही, आणि त्याला कधी नडही लागत नाही. म्हणून त्याचे उत्तर हे पैशाचे उत्तर असते, माणसाचे नव्हे.

मग ही चाचणी टाकाऊ समजावी काय? मुळीच नाही. तिचा खरा उपयोग भविष्यकथनाचा नसून मोजपट्टीचा आहे. आज तरुणांना रोज नवनवे डावपेच विकले जातात. अमुक रेषेला भाव छेदला की घ्या, तमुक वेळी विका. अशा प्रत्येक डावपेचाला एकच प्रश्न विचारावा : दलाली आणि कर वजा जाता तुझे उत्पन्न नुसते घेऊन ठेवणाऱ्यापेक्षा अधिक आहे काय? ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारांत तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले. त्याआधी २०२२ साली स्वयंचलित व्यवहारांची सेवा देणाऱ्या दलालांना गतकाळातील वा अपेक्षित नफ्याचे दाखले देण्यास सेबीने मनाई केली होती. नियामकालाही ‘झाले असते’चे भय वाटते, ते अकारण नाही.

वराळ्यापासून वडगाव मावळ दूर नाही. तेथील कृषी संशोधन केंद्राने ‘इंद्रायणी’ हे भाताचे वाण दिले. एखादे वाण एका चांगल्या पावसाळ्यावर कोणी पसंत करीत नाही. ते अनेक हंगामांत, वेगवेगळ्या शेतांत लावून पाहतात, आणि कमी पावसाच्या साली ते कसे तगले याची नोंद सर्वांत आधी वाचतात. पुंजीच्या बाबतीत हाच धडा गिरवावा, असे आम्ही त्या विद्यार्थ्याला सुचविले. एका तारखेऐवजी प्रत्येक महिन्यापासून चाचणी चालव. कंपन्यांची यादी त्या त्या काळची घे. निकालातला सर्वांत मोठा आकडा न पाहता सर्वांत खोल खड्डा पाहा, आणि तेवढा खड्डा वडिलांना सोसेल काय, हे त्यांच्याशी बसून बोल. जी रक्कम दहा वर्षे लागणार नाही तिचाच विचार कर. औषधपाण्याची आणि रोजच्या खर्चाची रक्कम या गणितातून वेगळी काढ.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी आलेखाऐवजी त्याच्या हातात कागद होता. त्यावर वडिलांच्या अक्षरात घरखर्चाचे आकडे होते. चाचणीला योग्य जागी सुरुवात झाली आहे, असे आम्हाला वाटते.