रात्रपाळीचे पाणी
महाराष्ट्रातील ग्रामीण वीजटंचाईची चर्चा बहुधा भारनियमनाभोवती, म्हणजे मागणी पुरवठ्याबाहेर गेल्यावर ठरावीक भागाची वीज ठरावीक वेळी बंद ठेवण्याच्या पद्धतीभोवती फिरते; परंतु वीज किती तास मिळते याइतकेच ती कोणत्या वेळी मिळते, हेही शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक असते. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर, अर्थात उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, जेथे वेगळे झाले तेथे घरातील दिवे बऱ्याच अंशी टिकले, मात्र पंपाला लागणारी थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशा पाळ्यांत वाटली गेली. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि खोरे घेऊन माणूस उसात दारे धरायला उतरतो, एक सरी भरली की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या सरीत वळवतो, आणि हे काम पाचटातल्या सापाच्या व जुन्नरसारख्या भागात उसातच पिले घालणाऱ्या बिबट्याच्या सान्निध्यात पहाटेपर्यंत चालते. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा 'ऑटो' बसवला, तरी पाणी वळवायला माणूस लागतोच. त्यातच डीपीवरचा, म्हणजे रोहित्राच्या पेटीतला, फ्यूज उडाला तर वायरमनची वाट पाहण्यात पाळी संपते. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा, गावाजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीला दिवसा वीज देण्याचा हेतू म्हणूनच मोलाचा आहे, आणि तिचे यश उभारलेल्या मेगावॅटपेक्षा रात्रीच्या किती पाळ्या खरोखर बंद झाल्या यावरून मोजले गेले पाहिजे.