वाइनला ढोबळी मिरचीचा वास आला, तर हसता कशाला?



थंडी पडली की नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये पुण्या-मुंबईची माणसं येतात. ग्लास फिरवतात, त्यात नाक घालतात आणि "स्ट्रॉबेरी येतेय, मागून थोडं चामडं येतंय" असं लिहून फोटो टाकतात. तेच फोटो फिरत फिरत आपल्या द्राक्षाच्या ग्रुपवर येतात आणि खाली हशा पिकतो. कुणी म्हणतं, याला शेणखताच्या उकिरड्यावर आणा. कुणी म्हणतं, चामडं चाखायला एवढे पैसे मोजतो व्हय!

हसायला माझी हरकत नाही. पण वाइनची द्राक्षं लावणाऱ्या माणसानं हसायच्या आधी शेरा नीट वाचावा. त्यातले निम्मे शेरे आपल्या बागेबद्दल असतात, आणि ते आपल्याला कुणी फुकटात सांगत नाही.

सगळ्यात जास्त टिंगल होते ती ढोबळी मिरचीची. सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि कॅबरने सोव्हिन्यॉन या दोन जातींत तो वास खरोखर असतो. पायराझिन नावाचं द्रव्य आहे, हिरव्या ढोबळीत तेच असतं. लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. कॅबरने ही सोव्हिन्यॉन ब्लाँचीच लेक, म्हणून घराण्याचा गुण दोघींत उतरलाय. आता हे द्रव्य कमी कधी होतं? मण्यात पाणी उतरायच्या आधी घडाला ऊन मिळालं तर, आणि पुढं माल पुरता पिकू दिला तर. फुटवे काढले नाहीत, पानांची दाटी तशीच ठेवली, वर पाणी आणि नत्र सोडत राहिलो, तर मिरची बाटलीपर्यंत जाते. म्हणजे पुण्याच्या त्या पोरानं मोबाइलवर लिहिलेलं एक वाक्य तुमच्या कॅनोपीचा रिपोर्ट आहे. लॅबमध्ये हीच तपासणी करायला गेलात तर खिसा हलका होईल. (म्हणून उद्याच सगळी पानं ओरबाडू नका. सकाळच्या उन्हाच्या बाजूनं काढा, दुपारच्या बाजूची राहू द्या, नाहीतर मणी भाजतील.)

शिराझला काळ्या मिरीचा वास येतो म्हणतात, तेही नाटक नाही. रोटंडोन हे द्रव्य मिरीत असतं आणि शिराझच्या सालीतही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते दाखवून दिलं. गंमत अशी की, साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही, कितीही द्या. एक म्हणतो मिरी, दुसरा म्हणतो काही नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

निलगिरीचा वास आला असं कुणी लिहिलं तर बांधावर बघा. झाडाजवळच्या ओळींत तेल उडून सालीवर बसतं, तोडणीत निलगिरीची पानं क्रेटमध्ये पडली तर आणखी. सडक्या अंड्याचा वास आला तर मोठा संशय दोन ठिकाणी: रसात यीस्टला नत्र कमी पडलं, किंवा भुरीसाठी गंधक फार उशिरा मारलं. पहिलं वायनरीनं बघायचं, दुसरं आपण. उलट ओल्या पुठ्ठ्याचा वास बहुतेक वेळा बुचाचा, लोण्याचा वास जिवाणूंच्या दुसऱ्या आंबवणीचा, घोड्याच्या तबेल्याचा वास बॅरलमधल्या ब्रेट नावाच्या यीस्टचा. ही पापं आपल्या माथी कुणी मारायला लागला तर हात झटकता आले पाहिजेत. त्यासाठी कुठला वास शेतातला आणि कुठला तळघरातला, हे आपल्याला माहीत पाहिजे की नको?

आता त्या शौकिनांकडे वळतो, कारण तेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत.

एक तर भाषा उसनी. सोव्हिन्यॉन ब्लाँवर हमखास लिहितात, "गूझबेरी". अरे, गूझबेरी म्हणजे आपला आवळा नव्हे. ते थंड मुलखातलं काटेरी झुडपाचं फळ, यातल्या किती जणांनी खाल्लंय? ब्लॅककरंटचंही तेच. पिकल्या पेरूचा वास मात्र त्याच ग्लासात असतो, कारण पेरूतली काही गंधकयुक्त द्रव्यं या वाइनमध्येही तयार होतात. पेरू लिहायला लाज कसली वाटते? अमेरिकेत अॅन नोबल या प्राध्यापक बाईंनी 1984 मध्ये वासांचं चक्र मांडलं, तेव्हा त्यांचा आग्रहच होता की शब्द असा हवा, ज्याचा नमुना समोर ठेवता येईल. साध्या वाइनमध्ये ढोबळीचा तुकडा टाकायचा, हुंगायचा, मग ग्लास हुंगायचा. इतकं सरळ काम आहे.

दुसरं, तापमान. फ्रान्समधला 'खोलीचं तापमान' हा शब्द जुन्या थंडगार दगडी घरांचा. आपल्याकडे एप्रिलात खोलीत 32-33 अंश असतं. त्या वाइनचा नुसता अल्कोहोल नाकात जातो आणि हा लिहितो "जहाल, बॅलन्स नाही". रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि व्हाइट बर्फातून काढून प्यायली तर वास येणारच नाही, मग "फिकी" म्हणून शिक्का. बाटली कधी उघडली, हंगाम कुठल्या सालचा, हे तर कुणी लिहीतच नाही. साल नसलेला शेरा आपल्याला काय कामाचा? त्या साली पाऊस कधी झाला, छाटणी कधी धरली, हे जुळवायचं कसं?

यावर आपले काही हुशार लोक म्हणतील, चवीचं सगळंच थोतांड, मोठमोठे परीक्षकही फसतात. फसतात, बरोबर. फ्रान्समध्ये 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी रेड वाइनचे शब्द लिहिले. 2001 मध्ये ते छापून आलं. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा, न सांगता दिली. तिन्ही वेळा साधारण तोच निकाल देणारे दहात एक निघाले. पण हे हॉजसन कोण? स्वतः छोटी वायनरी चालवणारा माणूस. आपल्या मालाला एकदा पदक आणि एकदा काहीच नाही, असं का, म्हणून तो आकडे घेऊन बसला. चाखणं सोडलं नाही त्यानं, चाखणाऱ्यांना तपासलं. आपण काय करतो? ग्रुपवर इमोजी टाकतो.

आणि दर कशावर घेतो? ब्रिक्स आणि वजन. आमच्याच भागात गेल्या हंगामात एका बागेचा माल 23 ब्रिक्स भरला, तरी खरेदीदारानं "फ्लेवर नाही" म्हणून दर पाडला. फ्लेवर नाही म्हणजे नेमकं काय, हे विचारायला त्या शेतकऱ्याकडे शब्दच नव्हता. मिरची आहे? आंबटपणा गेलाय? बी हिरवं आहे? रिफ्रॅक्टोमीटर यातलं काही सांगत नाही. छाटणी लांबली आणि माल मार्चच्या उन्हात सापडला तर साखर पळत सुटते, आम्ल घसरतं आणि बी मागं राहतं. आकडा झकास, मणी कच्चा.

म्हणून तोडणीच्या पंधरा दिवस आधीपासून मणी चाखा. माळकरी मंडळींनो, याला माळ आडवी येत नाही. वेगवेगळ्या वेलींचे, घडाच्या दोन्ही बाजूंचे मणी घ्या. आधी गर, मग साल चांगली चावा, जीभ कोरडी पडते का बघा, शेवटी बी फोडा. तपकिरी, कडक, भाजल्या दाण्यासारखं लागलं तर पिकलं. हिरवं आणि तुरट असेल तर थांबायचं बोला. तारीख टाकून वहीत लिहा, ब्रिक्सच्या शेजारी. आणि करार करताना एक मागणी घाला: माझ्या प्लॉटची वाइन वेगळी आंबवली असेल तर चाखायला बोलवा, नसेल तर दर पाडण्याचं कारण लेखी द्या.

पुढच्या पोस्टला मला तुमचे अनुभव लागतील. बांधावर निलगिरी असलेल्यांनी खाली लिहा: किती ओळी लांब आहे, जात कुठली, आणि त्या ओळींची तोडणी वेगळी करता का?