कर्तबगारी ही खासगी मालमत्ता नव्हे

यशस्वी होण्यासाठी माणसाच्या अंगी कोणते गुण असावेत, हे सांगणाऱ्या पुस्तकांचा आणि शिबिरांचा सध्या मोठा बाजार भरला आहे. आत्मविश्वास, महत्त्वाकांक्षा, चिकाटी, वेळेचे नियोजन अशी त्यांची यादी ठरलेली असते. यादीत वावगे काही नाही. वावगे आहे ते तिच्यामागचे गृहीतक. यश ही सर्वस्वी व्यक्तीची कमाई असल्याने अपयश हाही सर्वस्वी व्यक्तीचाच दोष, असे हे तत्त्वज्ञान गरिबाला त्याच्या गरिबीबद्दल ओशाळायला लावते आणि व्यवस्थेला निर्दोष सोडून देते.

१९८२ सालच्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांपैकी हजारोंना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. वर्षानुवर्षे माग चालवणाऱ्या त्या माणसांची शिस्त, हातातले कसब आणि सोशिकता एका रात्रीत नाहीशी झाली होती काय? गुण होते तेथेच राहिले; ते राबवण्याचे साधन मात्र दुसऱ्याच्या मालकीचे होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि त्यांची गणना कोणाच्या तरी दूरदृष्टीत झाली.

येथवर चळवळीतील कोणाचेही दुमत होणार नाही. अडचण यापुढे सुरू होते. व्यवस्था दोषी आहे, हे एकदा मान्य झाले की व्यक्तीच्या गुणांची चर्चाच भांडवली ठरवून टाकण्याची सोयीस्कर सवय कार्यकर्त्यांना जडते. सभा तासभर उशिरा सुरू होते, निवेदनात आकडे नसतात, पावतीपुस्तकांचा हिशेब महिनोन्‌महिने लागत नाही, मोर्चाला आलेल्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. या सर्वांचे खापर परिस्थितीवर फोडता येत नाही. समाजवाद हा ढिलाईचा परवाना नव्हे.

या संदर्भात मृणाल गोरे यांच्या कार्याकडे पुन्हा पाहणे अगत्याचे आहे. १९२८ साली जन्मलेल्या मृणालताईंनी राष्ट्र सेवा दलाच्या ओढीने वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले आणि गोरेगावात केशव गोरे यांच्यासह कामाला वाहून घेतले. १९५८ साली पतीचे निधन झाले. पदरी लहान मुलगी होती. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि उपनगरांतील पाण्याचा प्रश्न त्यांनी असा लावून धरला की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले.

हे नाव भाषणांनी मिळत नसते. पाण्याच्या प्रश्नावर लढायचे तर जलवाहिनी कोठवर आली आहे, कोणत्या वस्तीला किती वेळ पाणी मिळते, खर्चाची तरतूद आहे की नाही आणि कागद कोणत्या टेबलावर अडकला आहे, हे सारे ठाऊक असावे लागते. नळाशी उभ्या असलेल्या बाईचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते, कारण पहिली माहिती तिच्याकडेच असते. अधिकाऱ्याने दिलेले आश्वासन लिहून ठेवून त्या तारखेला पुन्हा त्याच्या दारात उभे राहावे लागते. तपशिलाची ओढ, ऐकण्याची तयारी आणि पाठपुराव्यातील सातत्य हे गुण दिसायला साधे आहेत. परंतु त्यांवाचून मोठ्यात मोठा वक्ता एका हंड्याचेही पाणी मिळवून देऊ शकत नाही.

महागाईविरुद्ध १९७२ साली उभ्या राहिलेल्या महिलांच्या संयुक्त आघाडीत मृणालताईंच्या बरोबरीने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर होत्या. पक्षभेद कायम ठेवून एका प्रश्नावर एकत्र राबण्याला लागणारा संयम हाही गुणच होय. आणीबाणीत भूमिगत राहणे, नंतर तुरुंगवास, १९७७ साली लोकसभा, पुढे पुन्हा विधानसभा असा प्रवास झाला, तरी कामाची रीत बदलली नाही. नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून त्यांनी व बाबुराव सामंत आदी सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी गोरेगावात सुमारे सहा हजार घरे उभी करण्यापर्यंत मजल मारली. २०१२ साली त्यांचे निधन झाले. घरे आणि त्यांतील संसार उभे आहेत.

मग हे सारे एका असामान्य स्त्रीचे वैयक्तिक तेज होते काय? तेज होतेच, तथापि ते कोठे घडले, हेही पाहिले पाहिजे. सेवा दलाची शाखा, तेथील बौद्धिके, पक्षातील वादविवाद, वस्तीतील बायकांचा विश्वास आणि प्रसंगी त्यांनी केलेली कानउघाडणी यांतून तो पिंड घडला. गुणाचे बीज व्यक्तीत असेल, परंतु त्याला जमीन आणि पाणी संघटनाच देत असते. म्हणूनच असा गुण एकट्याच्या उत्कर्षासाठी वापरणे ही समाजाच्या ठेवीची अफरातफर ठरते.

आज पक्षात उमेदवार शोधताना कोणाकडे किती पैसा आणि किती गर्दी आहे, हे आधी विचारले जाते. अभ्यासमंडळे बंद पडली आहेत आणि तरुण कार्यकर्ता भाषण करायला शिकतो, पण टाचण काढायला शिकत नाही. असे असताना नवे नेतृत्व का निपजत नाही, म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. बी पेरलेच नाही, तर पिकाचा शोध कसला?

प्रत्येक तालुक्यात एक अभ्यासमंडळ चालवणे, एकेका कार्यकर्त्याने एक वस्ती आणि एक प्रश्न वर्षभर न सोडणे, आणि वर्षाअखेर पैशाचा व कामाचा हिशेब त्या वस्तीसमोरच मांडणे, एवढे तरी पक्षाला करता येण्यासारखे आहे. यासाठी सत्ता लागत नाही, की निधी लागत नाही. कर्तबगार माणसांची वाट पाहणारा पक्ष वाट पाहतच राहतो. जो त्यांना घडवतो, त्याच्याकडेच लोक आपले प्रश्न घेऊन येतात.