शकुंतलेची स्थानके : पाडावी की कामाला लावावी?

शकुंतला गाडी बंद पडली आणि मूर्तिजापूर ते अचलपूर मार्गावरच्या जुन्या स्थानकांचा प्रश्न मागे उरला. 2016 साली हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. ते काम येईल तेव्हा जुन्या इमारती पाडाव्यात, त्या जागी गाळे काढावेत, असे आमच्या दर्यापुरातले काही व्यापारी बंधू आजच म्हणतात. खरे सांगायचे तर गाळे निघाल्यास एक आपल्यालाही मिळावा, हा विचार आमच्याही मनात येऊन गेला आहे.

दुसरी बाजू म्हणते, ही इंग्रजांच्या लुटीची निशाणी, ती कशाला जपायची? यात खोटे काही नाही. किलिक निक्सन या कंपनीने 1910 नंतर ही अडीच फुटी लाइन टाकली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी. इंजिनही मँचेस्टरचेच. 1923 पासून 1994 पर्यंत त्या वाफेच्या इंजिनाने गाडी ओढली. नफा परदेशी गेला, हे कबूल. पण कापूस वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा होता आणि विटा रचणारे हात इथल्याच मजुरांचे. लहानपणी वडिलांबरोबर मूर्तिजापूरहून कापडाचे गठ्ठे घेऊन आम्ही याच गाडीने बनोसा स्थानकावर उतरत असू. गठ्ठ्यावर बसून यायचो, म्हणून मार खाल्ल्याचेही आठवते.

कापडाच्या धंद्यात जुने थान आले तर ते जाळत नाही आणि डोळे झाकून ठेवूनही घेत नाही. हातात धरून ताणून पाहतो. सूत कुजले आहे की नुसते मळले आहे? मळलेले धुऊन विकतो, टोके कटपीसमध्ये काढतो, कुजलेले फेकतो. इमारतीलाही हीच परीक्षा लावावी. 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री वाहून गेला, माणसे गेली. कुजलेले थान जपण्याची किंमत ती. उलट मुंबईचे व्हीटी स्टेशन, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, 2004 पासून जागतिक वारशात आहे आणि रोज लाखो प्रवासीही वाहते. त्याला काम आहे, म्हणून त्याची देखभाल होते. रिकामी ठेवलेली इमारत जपली असे म्हणायचे, पण ती वाळवी आणि पिंपळाच्या हवाली असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की आधी सरकारी अभियंत्याकडून प्रत्येक इमारतीची तपासणी करून घ्यावी. जी धोक्याची ठरेल ती पाडावी, तिच्यासाठी कोणी रडू नये. जी मजबूत निघेल तिच्यातला मालधक्का, गोदाम वर्षाच्या भाड्याने गादी-रजईवाल्या पिंजाऱ्यांना आणि शिंप्यांना द्यावे. ज्या लाइनीने कापूस गेला, तिच्या छपराखाली कापूस पिंजला जाईल. भाड्यातून दुरुस्ती निघेल.

अडचण मालकीची आहे. 1951-52 मध्ये रेल्वे राष्ट्रीय झाल्या तेव्हा ही लाइन कंपनीकडेच राहिली आणि पुढे करारावर चालत आली. तेव्हा सातबाऱ्यावर आणि कागदावर आज नाव कोणाचे, हे आधी कळले पाहिजे. दर्यापूरच्या व्यापाऱ्यांनी गाळ्यांच्या अर्जाआधी माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. आम्ही आमची सही करायला तयार आहोत.