निवृत्तीनंतर थंड डोंगरात राहायला जायचंय? आधी एक जानेवारी तिथे काढून बघा!



आज नेहमीसारखा पाठ किंवा उपक्रम नाही. गेले दोन महिने डोक्यात घोळणारा एक विषय तुमच्यासमोर मांडते आहे. पटलं तर बघा, नाही पटलं तर तेही चालेल.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाल्या. वयाची अठ्ठावन्न पूर्ण. निरोप समारंभ एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळच्या शाळेतच उरकला, कारण वर्धा जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. नऊ वाजताच पत्रे तापायला लागतात. शाल-श्रीफळ झालं, आणि भाषणात बाईंनी जाहीर केलं, "मी आता उत्तराखंडात, कौसानीजवळच्या एका गावात राहायला जाणार. थंड हवा, समोर हिमालय. पुष्कळ उन्हाळे काढले, आता बास."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात तिसरीतली एक चिमुरडी उठून म्हणाली, "बाई, पण तिथं तुमाले कोन ओळखते?"

सगळे हसले. बाईही हसल्या. पण त्यांनी उत्तर दिलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

बाईंचं म्हणणं काय आहे?

आधी त्यांची बाजू सांगते. बाई एकट्या आहेत, साहेबांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा-सून पुण्याला, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे दिवसभर बंद दाराआड बसायचं बाईंच्या जिवावर येतं. इथे राहावं तर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि उतारवयात ऊन बाधतं हेही खरंच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत त्या मैत्रिणींबरोबर कौसानीला गेल्या होत्या. सकाळी त्रिशूळ आणि नंदादेवीची शिखरं सोनेरी झालेली पाहिली आणि मनाने तिथेच राहिल्या.

मुलगा म्हणतो, "आई, वेड लागलंय का?" मला हे बोलणं आवडलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं घडवणाऱ्या बाईला आपलं म्हातारपण कुठे काढायचं हे ठरवायचा हक्क आहे. आईवडील म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचं सामान नाही.

पण मग बाईंनी मला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" मी पटकन म्हणाले, "जा बाई, मस्त आहे." घरी आल्यावर वाटलं, आपण उत्तर दिलंच नाही, फक्त गोड बोललो. म्हणून हा लेख.

दिवाळीतला डोंगर आणि जानेवारीतला डोंगर

पाहुणा म्हणून आपण डोंगर बघतो तो बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. आकाश स्वच्छ, ऊन कोवळं. कौसानी समुद्रसपाटीपासून साधारण १,८९० मीटरवर आहे. तिथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ उतरतो, मधूनच बर्फही पडतं. थंडीत रक्तदाब वाढतो, सांधे आखडतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यामुळे विषारी वायूने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आणि पावसाळा? ऑगस्टमध्ये दरड कोसळून रस्ता बंद होणं तिथे नवलाईचं नाही. मोठ्या उपचारांसाठी हल्द्वानी गाठायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर घाटाचा रस्ता.

मग तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कशी राहिली? याचं उत्तर त्यांच्या घरांत आहे. कुमाऊँतल्या जुन्या घरांच्या रांगेला 'बाखली' म्हणतात. एकाला एक चिकटलेली घरं, मधल्या भिंती सामाईक, दारं-खिडक्या लहान. खालच्या मजल्यावर गुरं. त्या मजल्याला कुमाऊँनीत 'गोठ' म्हणतात, अगदी आपल्या गोठ्यासारखा शब्द! गुरांची ऊब वर चढते, शेजाऱ्याच्या चुलीची ऊब भिंतीतून येते. हिवाळ्यात जेवायला मडुव्याची भाकरी आणि गहतची डाळ, म्हणजे आपली नाचणी आणि कुळीथ.

आता बाहेरून येणारे लोक काय बांधतात? हिमालय दिसावा म्हणून मोठ्या काचांची, गावापासून लांब, एकटी कॉटेज. दृश्य छान मिळतं. पण हिवाळ्यात घर उबदार ठेवणारा शेजार त्या घराला नसतो. हाच फरक मला बाईंना सांगायचा होता.

चार खांदे कुठून आणायचे?

दुसरी गोष्ट त्याहून काळजीची. ज्या गावांत आपण शांतता शोधायला जातो, ती गावं शांत का झाली? कारण तिथली तरुण मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी खाली उतरली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि पौडी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. राज्य सरकारने या स्थलांतरासाठी वेगळा पलायन आयोग नेमला. त्याच्या २०१८ च्या अहवालात २०११ नंतर ७३४ गावं ओस पडल्याची नोंद आहे. मुलं गेली की शाळेचा पट घसरतो आणि मग शाळाच बंद होते. पटसंख्येची धास्ती काय असते ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

रस्ता न पोहोचलेल्या गावात आजारी माणसाला डोलीत किंवा खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत खांद्यावर आणतात. त्यासाठी चार धट्टीकट्टी माणसं लागतात. गावात उरलीत सत्तरीची चार म्हातारी, त्यात खालून गेलेली आपली पाचवी, तर कोणी कोणाला उचलायचं? बाईंना पेन्शन आहे. नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही आता डिजिटल देता येतो. पण आपण खरंच बरे आहोत की नाही, हे रोज सकाळी डोकावून कोण बघणार?

सेवाग्रामहून कौसानीला गेलेल्या एक शिक्षिका

'म्हणजे जाऊच नये का?' असं तुम्ही म्हणाल. तसं नाही. आमच्याच जिल्ह्यातून कौसानीला गेलेल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते.

कॅथरीन मेरी हाइलमन, जन्म १९०१, लंडन. १९३२ मध्ये त्या भारतात आल्या, उदयपूरच्या शाळेत शिकवलं, मग सेवाग्रामला गांधीजींकडे आल्या आणि नई तालीमच्या कामात रमल्या. त्याच सरला बहन. सेवाग्रामची बापूकुटी आपण मुलांना सहलीत दाखवतो, पण ही गोष्ट सांगायची राहूनच जाते. इथलं ऊन आणि मलेरिया त्यांना सोसेना, म्हणून १९४०-४१ च्या सुमारास त्या कौसानीला गेल्या. म्हणजे कारण तेच, आमच्या बाईंचंच!

पण जाऊन त्या बसून राहिल्या नाहीत. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांना मदत करत गावोगाव पायी फिरल्या, स्वतः तुरुंगवास भोगला. १९४६ मध्ये डोंगरातल्या मुलींसाठी लक्ष्मी आश्रम सुरू केला. १९७५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या कुमाऊँतच धरमघरला राहायला गेल्या आणि १९८२ मध्ये तिथेच वारल्या. धरमघरला गेल्या तोवर त्यांना त्या डोंगरात तीस-पस्तीस वर्षं झाली होती. आमच्या तिसरीतल्या मुलीचा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता, तर त्यांच्याकडे उत्तर होतं.

मला काय वाटतं

माझं मत एवढंच, की म्हातारपण काढायचं गाव म्हातारं होण्याआधी जोडावं लागतं. विशेषतः गाव थंड असेल, दूर असेल, तर जास्तच. म्हणून कोणाच्याही मनात असा विचार असेल, तर चार गोष्टी करा:

१. आधी भाड्याने राहा. एक अख्खा जानेवारी आणि एक अख्खा ऑगस्ट तिथे काढा. दिवाळीची सहल मोजू नका.

२. जमिनीची घाई नको. उत्तराखंडात बाहेरच्या माणसाला नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी २५० चौरस मीटरच, म्हणजे सुमारे अडीच गुंठेच जागा घेता येते. हिमाचलात तर १९७२ च्या कायद्याच्या कलम ११८ मुळे तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारची परवानगी लागते. दलालाच्या शब्दावर आयुष्याची पुंजी टाकू नका.

३. घर वस्तीत घ्या. शिखर दिसलं नाही तरी चालेल, शेजाऱ्याचा धूर दिसला पाहिजे.

४. हातात काम घेऊन जा. आपण शिक्षक आहोत. संध्याकाळी चार मुलांना वाचायला बसवलं तरी महिन्याभरात गाव ओळखायला लागतं.

आणि माझ्या वयाच्या शिक्षकांनो, आपल्याला तर हे जास्त लागू आहे. आपल्यापैकी बहुतेकजण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले. जुनी पेन्शन नाही म्हणून आपण पैशांचा हिशोब सतत करतो, तो करायलाच हवा. पण माणसांचा हिशोब? बदली झाली की गाव सुटतं, स्वतःच्या गावी आपण फक्त लग्नाला आणि दहाव्याला जातो. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी कौसानी काय आणि आपलं गाव काय, दोन्हीकडे आपण पाहुणेच.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. आईवडिलांनी असा विचार बोलून दाखवला तर 'वेड लागलंय का' म्हणू नका. त्यांच्याबरोबर आठ दिवस तिथे जाऊन या. डॉक्टर किती लांब आहे ते स्वतः बघा, शेजाऱ्याचा फोन नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये घाला.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात बाईंच्या घरी जाऊन सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "शाळेत असताना माझ्यासमोर एवढं बोलली नाहीस कधी!" मग म्हणाल्या, जागेचा व्यवहार थांबवते. येत्या जानेवारीत महिनाभर भाड्याची खोली घेऊन राहणार आहेत. बरोबर चौदाखडीचे तक्ते नाही, तर हिंदी गोष्टींची पुस्तकं नेणार, कारण तिथली मुलं हिंदीतून शिकतात. मुलगाही पहिले चार दिवस सोबत जाणार आहे. जमलं तर राहतील, नाही जमलं तर परत येतील. त्यात कमीपणा काहीच नाही.

तिसरीतली ती मुलगी आता चौथीत गेली. शाळा सुरू झाल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, बाई गेल्या का हिमालयात?" मी म्हटलं, "नाही गं, आधी ओळख करायला जाणार आहेत."

तुमच्याही घरात कोणी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल. आज जेवताना त्यांना हा प्रश्न नक्की विचारा: कुठे राहायचंय, आणि तिथे तुम्हाला कोण ओळखतं?