रणगाडा आपला, इंजिन कोणाचं?

दरवर्षी २६ जानेवारी जवळ आला की व्हॉट्सॲपवर तेच ते सुरू होतं. अर्जुन रणगाड्याचा व्हिडिओ, मागे ढोल-ताशा, खाली एक ओळ : जगातला सर्वात घातक रणगाडा, शत्रूला धडकी! तासाभरात त्याच ग्रुपवर दुसरा कोणीतरी टाकतो : डीआरडीओने पन्नास वर्षं नुसता पैसा खाल्ला, सगळं रशियाकडून घ्या आणि मोकळे व्हा. मग दोघांची जुंपते. दोघेही देशभक्त, आणि दोघांपैकी एकानेही रणगाड्याचं मागचं झाकण उघडून आत काय आहे ते बघितलेलं नसतं.

मी बघितलंय. ईएमईत, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती शाखेत, माझी २० वर्षं गेली. राजस्थानच्या उन्हात लोखंडाला हात लावला की फोड येतो, तिथे इंजिनं उतरवली आणि चढवली. त्यामुळे रणगाडा म्हटलं की लोकांना तोफ दिसते, मला इंजिन आणि एअर फिल्टर दिसतो. इंजिन बंद पडलं की तो ४०-५० टनांचा लोखंडी ठोकळा असतो, आणि आत तीन-चार माणसं बसलेली असतात. म्हणून आज इंजिनावरच बोलणार आहे. पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर पुढे जा, पण मग खाली येऊन "जय हिंद" एवढंच लिहू नका.

आधी इतिहास. १९६५ मध्ये चेन्नईजवळच्या अवाडीत "विजयंता" तयार झाला. आपण त्याला पहिला देशी रणगाडा म्हणतो. आराखडा ब्रिटनच्या विकर्सचा, इंजिन ब्रिटनच्या लेलँडचं. ठीक आहे, देश नवा होता, कुठून तरी सुरुवात करायची होती. मग १९७४ मध्ये संपूर्ण स्वतःचा रणगाडा करायचं ठरलं, सुरुवातीला १५.५ कोटी रुपये मंजूर झाले. तोच पुढे अर्जुन. १५०० अश्वशक्तीचं इंजिनही आपणच करणार होतो. ते जमलं नाही, म्हणून जर्मनीच्या एमटीयूचं १४०० अश्वशक्तीचं इंजिन आणलं. तात्पुरतं, म्हणे. आपलं झालं की बदलू.

२० मार्च २०२४ रोजी म्हैसूरला बीईएमएलमध्ये १५०० अश्वशक्तीच्या पहिल्या देशी इंजिनची पहिली चाचणी झाली. १९७४ ते २०२४, मोजा. बरोबर पन्नास वर्षं. आणि पहिली चाचणी म्हणजे इंजिन चाचणीच्या स्टँडवर सुरू झालं. रणगाड्यात बसून, धूळ खात, वाळूत हजारो किलोमीटर धावणं अजून पुढे आहे. ज्या लोकांनी ते सुरू करून दाखवलं त्यांना माझा सलाम. पण ज्यांनी मधली वर्षं फायलीत घालवली त्यांना कोणी विचारणार की नाही?

याची किंमत कोण मोजतं ते बघा. सप्टेंबर २०२१ मध्ये ११८ अर्जुन मार्क-१ए साठी ७,५२३ कोटींची ऑर्डर दिली. पहिले पाच रणगाडे ३० महिन्यांत, म्हणजे मार्च २०२४ पर्यंत मिळायचे होते. ती तारीख उलटून गेली आणि बातम्या आल्या त्या जर्मन इंजिनं वेळेवर मिळत नसल्याच्या. चिलखत आपलं, तोफ आपली, कारखाना आपला, आणि अख्खी लाइन एका परदेशी कंपनीच्या वेळापत्रकावर अडलेली.

बरं, हे एकट्या अर्जुनचं दुखणं असतं तर सोडून दिलं असतं. गलवाननंतर लडाखसाठी हलका रणगाडा हवा म्हणून "झोरावर" हाती घेतला. २५ टनांचा, डीआरडीओ आणि एल अँड टीने कमी वेळात उभा केला, कौतुकच आहे. त्यालाही आधी जर्मन इंजिन बसणार होतं. जर्मनीच्या निर्यात परवानगीत वेळ जायला लागला, मग अमेरिकेच्या कमिन्सचं बसवलं. तोफेचा बुरूज बेल्जियमच्या कंपनीचा. उद्या वॉशिंग्टनचा मूड बिघडला तर?

आता टी-७२ आणि टी-९०. आपल्या चिलखती दलाचा कणा हेच. त्यांची इंजिनं अवाडीत बनतात. २०१८ मध्ये टी-९० चं १००० अश्वशक्तीचं इंजिन पूर्णपणे देशी झाल्याचं सरकारने समारंभ करून जाहीर केलं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. आणि मार्च २०२५ मध्ये टी-७२ साठी १००० अश्वशक्तीचीच इंजिनं घ्यायला रशियाशी २४.८ कोटी डॉलरचा करार झाला, तंत्रज्ञान हस्तांतरणासकट. म्हणजे सात वर्षांनी आपण परत त्याच दारात! याचा सरळ अर्थ असा की नटबोल्ट देशात बनवणं वेगळं आणि इंजिनाची रचना आपल्या हातात असणं वेगळं. दुसऱ्याच्या रेसिपीने आमटी केली तर मीठ वाढवायलासुद्धा त्यालाच विचारावं लागतं.

इथे काही जण म्हणतील, इंजिन बाहेरून घेतलं तर एवढं काय बिघडलं? इस्रायलच्या मर्कावातलं इंजिनही मूळ जर्मन रचनेचंच आहे. मान्य. बाहेरून घेणं पाप नाही. पाप आहे ते "तात्पुरतं" म्हणून पन्नास वर्षं घेत राहणं. दक्षिण कोरियाचं बघा. त्यांच्या के-२ रणगाड्याचंही देशी इंजिन आणि गिअरबॉक्स वेळेत झाले नाहीत. त्यांनी पहिल्या १०० रणगाड्यांना जर्मन इंजिन-गिअरबॉक्स लावले आणि कारखाना चालू ठेवला. पुढच्या तुकडीत इंजिन कोरियन आलं, गिअरबॉक्स जर्मनच राहिला, कारण त्यांचा गिअरबॉक्स चाचणीत टिकला नाही. लपवलं नाही, रडले नाहीत, ऑर्डर थांबवली नाही. २०२२ मध्ये तोच रणगाडा त्यांनी पोलंडला विकला, १८० नग.

ऑर्डर थांबवली नाही, हे नीट वाचा. आपला दुसरा रोग तोच आहे.

२००० मध्ये सैन्याने अर्जुनची पहिली ऑर्डर दिली, १२४ ची. पुढच्याच वर्षी टी-९० ची पहिली ऑर्डर दिली, ३१० ची, आणि नंतर ती वाढत हजाराच्या पुढे गेली. अर्जुनची पुढची मोठी ऑर्डर थेट २०२१ मध्ये, ११८ ची. मधल्या काळात २०१० मध्ये वाळवंटात दोघांची समोरासमोर चाचणी झाली. अधिकृत निकाल जनतेपुढे ठेवला नाही, पण अर्जुन सरस ठरल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. तरी पुढे काय? तोफेतून क्षेपणास्त्रही डागता आलं पाहिजे, ही सुधारणा करा, ती सुधारणा करा. सुधारणा करता करता वजन ६८ टनांवर गेलं आणि मग तेच सैन्य म्हणतं, फार जड आहे, पंजाबातल्या पुलांवरून जाणार नाही. अहो, जड आहे हे खरंच आहे. पण त्याला खायला कोणी घातलं?

मी सैन्यातला माणूस आहे, सैन्याची बाजू मला कळते. ज्याला त्यात बसून मरायचंय तो कच्चा माल कसा स्वीकारेल? पण १२४ रणगाडे म्हणजे जेमतेम दोन-तीन रेजिमेंटचा हिशेब. एवढ्या ऑर्डरवर कुठला सुटे भाग बनवणारा मशिनरी टाकणार? पिंपरी-चिंचवडचा कुठलाही छोटा कारखानदार विचारा, तो हसेल. मग सुटे भाग महाग, मग रणगाडा दुरुस्तीसाठी उभा, मग "देशी मालाची उपलब्धता कमी" असा शेरा, मग पुढची ऑर्डर नाही. या चक्रात डीआरडीओ सैन्याकडे बोट दाखवते, सैन्य डीआरडीओकडे, आणि मंत्रालय दोघांकडे बघत नवीन समिती नेमतं.

गंमत म्हणजे जे आपल्याला जमलंय तेही आपणच घेत नाही. आमच्या नगरच्या व्हीआरडीईने टाटांबरोबर आठ चाकी चिलखती गाडी केली, व्हॅप. २०२५ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. कुठे? मोरोक्कोत. त्यांनी १५० गाड्यांची ऑर्डर दिली. आपल्या सैन्याने तिची मोठ्या संख्येने खरेदी अजून केलेली नाही. नगरमध्ये जन्मलेलं पोर आफ्रिकेत नोकरीला लागलं, आणि आपण इथे परप्रांतीयांवर पोस्टी टाकतोय.

आता गोळ्याबद्दल. इंजिन चाललं, रणगाडा पोचला, पुढे काय डागणार? मार्च २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुखांनी पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र फुटलं. शत्रूचे रणगाडे फोडणारा दारूगोळाच आपल्या रणगाड्यांकडे पुरेसा नाही, असं त्यात होतं. देशात चर्चा कशाची झाली? पत्र कोणी फोडलं याची. २०१७ मध्ये कॅगने सांगितलं की तपासलेल्या दारूगोळ्याच्या प्रकारांपैकी सुमारे ४० टक्के प्रकार दहा दिवसही पुरणार नाहीत. दोन्ही वेळा सरकारं वेगळी होती. म्हणून इथे येऊन "तुमच्या वेळी काय होतं" असं कोणी लिहू नका. दोघांच्याही वेळी हेच होतं.

आणि हा दारूगोळा कुठे बनतो, कुठे साठवतो? आपल्या महाराष्ट्रात. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भद्रावती, भंडारा, अंबाझरी. ३१ मे २०१६ ला वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या डेपोत आग लागली, अधिकारी, जवान आणि अग्निशमनचे कर्मचारी गेले. २०१८ मध्ये पुलगावजवळच जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, त्यात सहा जण गेले, आणि त्यात रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतले लोक होते. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट, आठ कामगार. दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता. तुमच्या ग्रुपवर त्या दिवशी काय आलं होतं ते मागे जाऊन बघा. मी सांगतो, रणगाड्याचा व्हिडिओ.

ही माणसंही देशाच्या संरक्षणातच गेली ना? त्यांच्या नावाने चौक नाही, पुतळा नाही.

दोन हरकती नेहमी येतात, त्यांना आधीच उत्तर देतो.

पहिली : "रणगाड्यांचा जमाना गेला, युक्रेनमध्ये ड्रोनने रणगाडे फोडले." फोडले, खूप फोडले. तरी दोन्ही बाजू अजून रणगाडे मागतायत, कारण जमीन ताब्यात घ्यायला तोफ आणि चिलखत घेऊन कोणीतरी पुढे जावंच लागतं. आपण ही चूक आधी एकदा केली आहे. १९४८ मध्ये जनरल थिमय्यांनी झोजिला खिंडीत हलके स्टुअर्ट रणगाडे चढवून लढाई फिरवली. १९६२ मध्ये एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने चुशूलला उतरवले. पुढे आपण ठरवलं की हलक्या रणगाड्यांची गरज नाही. २०२० मध्ये गरज पडली तेव्हा मैदानासाठी बनलेले टी-७२ आणि टी-९० लडाखच्या विरळ हवेत न्यावे लागले. गरज संपली असं खुर्चीत बसून ठरवणं सोपं असतं.

दुसरी हरकत : "आपला जवान कशानेही लढतो." हो, लढतो. १९६५ मध्ये आपल्या जुन्या सेंच्युरियननी आणि जीपवरच्या तोफांनी पॅटनची स्मशानभूमी केली. पूना हॉर्सच्या कर्नल तारापोर यांना याच युद्धात मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पण त्या शौर्याचा अर्थ "आता वस्तू कशीही चालेल" असा लावणारा माणूस जवानाचा मित्र नाही. कारगिलच्या वेळी लष्करप्रमुखांना सांगावं लागलं की जे आहे त्याने लढू. ते वाक्य आपण अभिमानाने सांगतो. खरं तर त्या वाक्याची दिल्लीतल्या प्रत्येक टेबलाला लाज वाटायला पाहिजे होती.

आता पुढचा डाव मांडला जातोय. टी-७२ च्या जागी सुमारे १,७७० नवे रणगाडे घ्यायचे आहेत. सैन्याने त्यासाठी कंपन्यांकडून माहिती मागवली २०१५ मध्ये, परत मागवली २०२१ मध्ये, आणि तत्त्वतः मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये. करार अजून लांब आहे. हीच वेळ आहे बोलायची, रणगाडा कर्तव्यपथावर आल्यावर नाही.

माझं म्हणणं एवढंच. या १,७७० मध्ये इंजिन कोणाचं ते करारावर सही होण्याआधी ठरवा, आणि म्हैसूरच्या इंजिनला खरोखर संधी द्यायची असेल तर आत्ताच त्याची ठरावीक संख्येची ऑर्डर द्या, मग ते पहिल्या तुकडीत बसो वा दुसऱ्या. अटी एकदा ठरल्या की गोठवा, सुधारणा पुढच्या तुकडीत करा. रणगाड्याच्या किमतीबरोबर दारूगोळ्याचा आणि सुट्या भागांचा पैसा त्याच करारात मांडा. आणि दारूगोळा कारखान्यातल्या प्रत्येक स्फोटाचा चौकशी अहवाल, गुप्त भाग वगळून, विधानसभेत आणि लोकसभेत ठेवा.

तुमच्या खासदाराला यातला एक तरी प्रश्न विचारा. भंडारा, वर्धा, रावेर, नगर, मावळ, इथल्या लोकांनी तर विचारायलाच हवा. संसदेत लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कागदावर राहतं.

बाकी मला देशद्रोही म्हणायचं असेल तर कमेंट उघडी आहे. फक्त आधी एवढं सांगा, तुम्ही शेअर केलेल्या व्हिडिओतल्या रणगाड्याचं इंजिन कुठल्या देशाचं होतं?