विश्लेषण : जुने संगणक जपणे इतके कठीण का? पॉल ॲलन यांचा संग्रह का विखुरला?

मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी अमेरिकेतील सिएटल शहरात उभारलेले ‘लिव्हिंग कम्प्युटर्स’ हे संग्रहालय २०२४ मध्ये कायमचे बंद झाले. त्यातील अनेक दुर्मीळ यंत्रे लिलावात विकली गेली. पैसा, जागा आणि तज्ज्ञ हाताशी असलेला संग्रह मालकाच्या निधनानंतर सहा वर्षांच्या आत विखुरला. मग घरच्या माळ्यावर किंवा कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत पडलेल्या जुन्या संगणकांचे भवितव्य काय?

या संग्रहालयाचे वैशिष्ट्य काय होते?

२०१२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात अनेक यंत्रे चालू स्थितीत होती. पाहुण्यांना कळफलकावर बसून ती वापरता येत. काही जुन्या संगणकांवर तर इंटरनेटद्वारे घरबसल्या लॉगिन करता येई. ज्या पीडीपी-१० प्रकारच्या संगणकावर ॲलन आणि बिल गेट्स यांनी १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या सॉफ्टवेअरचे काम केले, त्या जातीची यंत्रे येथे जिवंत ठेवली होती.

मग ते बंद का झाले?

ॲलन यांचे ऑक्टोबर २०१८ मध्ये निधन झाले. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे संग्रहालयाची दारे बंद झाली, ती पुन्हा उघडली नाहीत. ॲलन यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी २०२४ मध्ये क्रिस्टीज या संस्थेमार्फत लिलाव केला. स्टीव्ह जॉब्स यांच्या कार्यालयातील ‘ॲपल-१’ संगणकाला ९ लाख ४५ हजार डॉलर मिळाले. ही रक्कम समाजकार्यासाठी असल्याचे सांगण्यात आले. हेतूबद्दल शंका नाही. पण सुटे संगणक विकले गेले, तरी ते एकत्र चालवणारी व्यवस्था विकता येत नाही. ती संपली.

संगणक नुसता कपाटात ठेवून का चालत नाही?

कारण तो बंद असतानाही खराब होतो. १९८० आणि १९९० च्या दशकांतील अनेक मदरबोर्डवर वेळ लक्षात ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियम बॅटरी असे. ती गळली की बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. कपॅसिटरमधील द्राव गळतो किंवा सुकतो. ब्रोमीनयुक्त अग्निरोधक मिसळलेले प्लास्टिक पिवळे पडते. ईप्रॉम चिपच्या काचेच्या खिडकीवरील स्टिकर निघाला, तर अतिनील प्रकाशाने आतला प्रोग्रॅम पुसला जाऊ शकतो. फ्लॉपीचा चुंबकीय थर क्षीण होतो आणि दमट हवेत तिला बुरशी लागते. मुंबई-कोकणातील पावसाळा हा तिचा मोठा शत्रू.

म्हणूनच वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक ‘चालतो का बघू’ म्हणून थेट प्लगला लावू नये. जाणकार आधी पॉवर सप्लाय वेगळा काढून तपासतात. जुन्या काचेच्या मॉनिटरच्या आत तर बंद केल्यावरही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

संग्रह वाढला की खरी अडचण कोणती?

नोंदींची. ब्रिटनमधील ‘हारवेल डेकाट्रॉन’ हे अडीच टन वजनाचे यंत्र १९५१ मध्ये अणुसंशोधन केंद्रात सुरू झाले. पुढे ते वुल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजात आणि नंतर बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले. ते संग्रहालय १९९७ मध्ये बंद झाल्यावर यंत्राचे भाग गोदामात पडून राहिले. एका छायाचित्रात त्याचे कंट्रोल पॅनेल योगायोगाने जाणकाराच्या नजरेस पडले, म्हणून ते सापडले. २०१२ मध्ये ब्लेचली पार्कच्या आवारातील नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये ते पुन्हा चालू झाले. यंत्र गोदामात असूनही हरवू शकते, हा यातला धडा.

महाराष्ट्रात काय जपायला हवे?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. ही नावे इतिहासात नोंदली गेली आहेत. पण शाळा, कॉलेजे आणि सरकारी कार्यालयांतून मराठी माणसाच्या हाती पहिल्यांदा आलेल्या साध्या संगणकांचे काय? डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणक आणि तुटके बाक सारखेच. निर्लेखनाचा ठराव झाला की दोन्ही भंगारात. ई-कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट हवीच, पण निर्लेखनापूर्वी प्रत्येक मॉडेलचा एक नमुना, त्याची माहितीपुस्तिका आणि फ्लॉप्या बाजूला काढायला फारसा खर्च येत नाही. विद्यापीठांनी हा नियमच करावा.

घरी संग्रह असेल तर काय करावे?

- आधी यादी करा : मॉडेल, अनुक्रमांक, कुठून आले, चालू आहे की बंद, कोणत्या खोक्यात आहे. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा.
- मदरबोर्डवरील बॅटऱ्या आज ना उद्या गळतील हे गृहीत धरून काढून घ्या.
- फ्लॉपी आणि हार्डडिस्कमधील मजकुराची प्रत आधी काढा, यंत्राची दुरुस्ती नंतर.
- एकाच मॉडेलचे पाच नग असतील तर दोन ठेवा, उरलेले सांभाळणाऱ्याला द्या.
- आपल्यानंतर हे कोणाकडे जाणार, ते लेखी ठरवा. घेणाऱ्याची संमती आधीच मिळवा.

यातले शेवटचे काम सर्वाधिक टाळले जाते. कपॅसिटर बदलता येतो, मजकुराची प्रत काढता येते. पण वारस ठरलेला नसेल, तर कुटुंबासमोर उरते ती केवळ एक भरलेली खोली, आणि खोली रिकामी करणारा भंगारवाला एका फोनवर येतो.